मधल्या भिंतीतील खिडकी बुजविताना

कुंभकोणमजवळील मरुदानल्लूरच्या परिसरात जुन्या घरांतील मधल्या खोल्यांना उजेड मिळे तो ‘मुट्रम’मधून, म्हणजे आपल्या वाड्याच्या चौकासारख्या जागेतून. त्या चौकाची खोली केली की तिकडे उघडणारी खिडकी नकोशी होते. ती जिप्समच्या तक्त्याने झाकणे अवघड नाही. पोकळीत लाकडी सांगाडा तक्त्याच्या जाडीइतका, सुमारे १२.५ मिलिमीटर, आत बसवावा. त्यावर तक्ता स्क्रूंनी आवळून सांध्यांवर पट्टी लावावी व लांबी भरावी. मात्र ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात ओल धरणाऱ्या भिंतीत जिप्सम मऊ पडते. तेथे वीट-चुनाच बरा. पण आधी खिडकी मिटून भर दुपारी आत बसून पाहावे. आजींना दिव्यावाचून पोथी वाचता येत नसेल, तर तक्त्याऐवजी दुधी काच लावावी आणि वर हवेपुरती झडप ठेवावी.