उदराचें अस्तर आणि साखरेचें पाणी

सांगलीकडील गुऱ्हाळांत रसांत चुन्याची निवळी किती घालावी हें गुळव्याच्या हातीं असतें. चुना अधिक पडला कीं गूळ काळवंडतो. कारण आम्लता गेलेल्या रसांतील साखर तापविल्यानें लवकर बिघडते. हाच रसायनधर्म मूत्रपिंडें निकामी झालेल्या रुग्णाच्या पोटाशींही निगडित आहे.

जत किंवा पाटण तालुक्यांतील दूरच्या खेड्यांतून आठवड्यांत तीनदां शहर गांठून यंत्रावर रक्तशुद्धि करविणें अनेक कुटुंबांस झेपत नाहीं. त्यांस उदर-डायलिसिसचा मार्ग आहे. पोटांत नळी बसवून सुमारें दोन लिटर द्रव आंत सोडावयाचा आणि चार-सहा तासांनीं काढावयाचा; असें दिवसांतून बहुधा चार वेळां, तेंही घरींच. अमेरिकेंत पॉपोविच व मॉन्क्रिफ यांनीं ही पद्धति १९७६ सालीं मांडली. केंद्र सरकारनेंही २०१९ सालीं आपल्या राष्ट्रीय डायलिसिस योजनेंत तिच्यासाठीं मार्गदर्शक नियम काढले. यांत गाळणीचें काम उदरावरण करतें. त्यावर चपट्या पेशींचा एकेरी थर असतो. त्याच्या स्निग्धतेमुळें आंतडीं एकमेकांवरून सहज घसरतात.

शरीरांतील जादा पाणी ओढण्यासाठीं द्रवांत द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, घालतात (तासगांवच्या द्राक्षांत असते तीच!). तिचें प्रमाण शेंकडा दीडपासून सव्वाचारपर्यंत. रक्तांत तें शेंकडा एक-दशांशाच्या आसपास असतें. शिवाय पिशवी तापवून निर्जंतुक करावी लागते. साखर करपूं नये म्हणून द्रव आम्ल ठेवतात, तरी थोडे विषारी अंश उत्पन्न होतातच.

वर्षानुवर्षें हा मारा झाला म्हणजे पेशी गळतात. कांहीं तर स्वधर्म सोडून तंतु विणूं लागतात. रुग्णांच्या पोटांतून निघालेल्या पाण्यांत अशा बदललेल्या पेशी स्पेनमधील संशोधकांनीं २००३ सालीं दाखविल्या. अस्तर जाड होतें, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून साखर झपाट्यानें रक्तांत शिरते आणि पाणी ओढणारें बळच उरत नाहीं. मग अधिक साखरेची पिशवी. तिनें अधिक हानि. या चक्राची कल्पना घरच्यांस पहिल्याच दिवशीं द्यावयास हवी, असें मला वाटतें.

उपाय गुळव्यास सुचावा असाच आहे. पिशवीस दोन कप्पे करावयाचे: एकांत आम्ल साखरपाणी, दुसऱ्यांत क्षार. दोन्ही वेगळे तापलेले असतात. पोटांत सोडण्यापूर्वी मधली शिवण उघडून ते मिसळावयाचे. अशा सौम्य द्रवानें रुग्णाचें उरलेंसुरलें मूत्र अधिक काळ टिकतें, असें चाचण्यांत दिसलें आहे. किंमत मात्र जास्त. ती न झेपल्यास मीठ जपून खावें व पाणी वैद्यांच्या सल्ल्यानें मोजून प्यावें, म्हणजे जादा साखरेच्या पिशवीची गरज कमी पडते. सूनबाई सासऱ्यांच्या पानांतून लोणचें-पापड काढून घेतात त्याचें कारण हें आहे.