बिटकॉइनची उघडी वही

बिटकॉइनचे व्यवहार गुप्त असतात, हा सर्वत्र पसरलेला समज वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने 2008 मध्ये मांडलेल्या या चलनाचा प्रत्येक व्यवहार एका जाहीर वहीत चढतो आणि ती वही कोणालाही वाचता येते. तिच्यात नाव नसते. अक्षरे आणि आकडे जोडून झालेला पत्ता असतो. तो कोणाचा हे एकदा कळले, की मागचापुढचा हिशेब उघडा पडतो. चाकण एमआयडीसीतल्या कामगाराने बिटकॉइनमध्ये मिळालेल्या पगारातून टपरीवर वडापाव घेतला, तर टपरीवाल्याला त्या पत्त्यावरची शिल्लक दिसेल आणि पगार देणाऱ्या ठेकेदाराला पैसे पुढे कुठे गेले ते दिसेल. दहाची नोट अशा चुगल्या करत नाही.

नोटेचा हा गुण संगणकात आणण्याची युक्ती अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी 1982 मध्येच सांगितली होती. ग्राहकाने नाण्याचा क्रमांक लिहिलेला कागद कार्बन लावलेल्या लिफाफ्यात घालायचा. बँकेने लिफाफ्यावर सही करायची, ती आतल्या कागदावर उमटते. पुढे तो कागद दुकानदारामार्फत बँकेत येतो, तेव्हा सही खरी आहे आणि क्रमांक आधी वापरलेला नाही, एवढेच बँकेला कळते. तो कोणाला दिला होता ते कळत नाही. लिफाफ्याचे काम अर्थातच गणित करते. चॉम यांची डिजिकॅश कंपनी 1998 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि बिटकॉइनच्या गाजावाजात त्यांचे नाव मागे पडले. नाकामोतोने मधली बँक काढून टाकली; नाणे दोनदा खर्च होऊ नये म्हणून मग वही सर्वांसमोर ठेवावी लागली.

सर्वांनी मिळून वही लिहायची तर वेग मंदावतो. बिटकॉइनच्या वहीचे नवे पान सरासरी 10 मिनिटांनी जोडले जाते आणि सेकंदाला साधारण 7 व्यवहार, म्हणजे दिवसाला सुमारे 6 लाख, नोंदले जातात. 2011 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड शहराची लोकसंख्या 17 लाखांवर होती. यातल्या प्रत्येकाने एकदाच पैसे द्यायचे ठरवले, तरी जगभरची ही वही जवळपास 3 दिवस अडकून पडेल. याउलट यूपीआयवर ऑगस्ट 2025 या एका महिन्यात 2,000 कोटी व्यवहार झाले. लायटनिंगसारख्या जोडयंत्रणा छोटे व्यवहार वहीबाहेर उरकतात. पण त्यासाठी रक्कम आधी अडकवून ठेवावी लागते.

बँक नसल्याने चोरी झाल्यावर व्यवहार थांबवणारेही कोणी नसते. फेब्रुवारी 2022 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी 300 कोटींच्या बिटकॉइनसाठी एका ट्रेडरचे अपहरण केल्याच्या आरोपावरून एका पोलीस शिपायासह 8 जणांना अटक केली. बिटकॉइन खर्च करण्याची गुप्त किल्ली कितीही अभेद्य असली, तरी ती बाळगणारा माणूस अभेद्य नसतो.

भारतीय कायदा बिटकॉइनला चलन नव्हे, तर मालमत्ता मानतो. 1 एप्रिल 2022 पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे. बिटकॉइन देऊन वडापाव घेणे म्हणजे कायद्याच्या लेखी मालमत्तेचे हस्तांतरच. त्यामुळे ते बिटकॉइन कितीला घेतले होते आणि त्या क्षणी भाव काय होता, याची नोंद प्रत्येक खरेदीला ठेवावी लागेल.