मुंबई-दिल्ली अंतर 1,140 किमी. मग तिकिटावर सव्वादोन तास का?

मुंबई ते दिल्ली रेल्वेने सुमारे 1,385 किलोमीटर. विमानतळ ते विमानतळ सरळ हवाई अंतर मात्र साधारण 1,140 किलोमीटरच भरते. या मार्गावरची जेट विमाने उंचावर ताशी 830 किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात. भागाकार केला तर उत्तर येते 1 तास 22 मिनिटे. तिकिटावर मात्र 2 तास 10 ते 2 तास 20 मिनिटे छापलेली असतात. वरचा जवळपास तासभर जातो कुठे?

पहिली गोष्ट म्हणजे तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसतेच. विमान पार्किंगच्या जागेवरून मागे ढकलले जाते तिथपासून दुसऱ्या विमानतळावर थांबून चाके अडवली जातात तिथपर्यंतचा हा काळ. याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, तिथली रांग, उतरल्यावर पुन्हा टर्मिनलपर्यंतचा प्रवास, सगळे यातच.

दुसरे, विमान सरळ रेषेत जात नाही. मुंबईहून ते बहुतेक वेळा पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने उडते आणि मग उत्तरेला वळते. चढताना आणि उतरताना वेगही कमी असतो. त्यामुळे प्रत्यक्ष हवेतला वेळच पावणेदोन तासांच्या आसपास जातो.

खरी अडचण परतीच्या प्रवासात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. दिल्लीत चार आहेत. उत्तरेकडून आलेल्या विमानाला बहुधा पूर्वेकडे वळसा घालून, रांगेत नंबर लावून उतरावे लागते. गर्दीच्या वेळी मुंबईवर विमानांना 40 ते 60 मिनिटे घिरट्या घालाव्या लागत असल्याचे खुद्द नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये म्हटले होते. त्यानंतर गर्दीच्या तासांत ताशी 46 विमानांची मर्यादा 44 वर आणली गेली.

हा संभाव्य उशीर कंपन्या वेळापत्रकातच धरून ठेवतात. म्हणून कधी अर्धा तास उशिरा निघालेले विमानही 'वेळेत' पोहोचते आणि वैमानिक तसे अभिमानाने जाहीरही करतो! त्यात 15 मिनिटांपर्यंतचा उशीर साधारणपणे उशीर म्हणून मोजलाच जात नाही.

यात प्रवाशाचा थेट संबंध कुठे येतो? डीजीसीएच्या नियमांत. ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असेल, तर विमान 2 तास किंवा अधिक रखडल्यावर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशांना खाणे-पिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. अडीच ते 5 तासांच्या उड्डाणांसाठी हीच मर्यादा 3 तासांची आहे. म्हणजे छापील वेळ 2 तास 25 मिनिटांवरून 2 तास 35 मिनिटे झाली, की तेच अंतर, तेच विमान, पण चहा-नाश्त्याचा हक्क तासभर पुढे जातो.

तेव्हा पुढच्या वेळी तिकीट काढताना सुटण्याच्या वेळेबरोबर प्रवासाचा एकूण कालावधीही पाहा. दिल्लीहून पुढचे विमान पकडायचे असेल, तर नकाशावरचे किलोमीटर बाजूला ठेवा आणि ब्लॉक टाइम संपल्यानंतर मोकळा वेळ किती उरतो ते मोजा.