चिमणी पडली, विमान उडाले. होटगी रस्त्यावरचा पुढचा प्रश्न कोणता?

नागरिकांनी वर्षानुवर्षे लावून धरलेली विमानसेवा सोलापूरला अखेर मिळाली. पण ही सेवा कशाच्या बदल्यात आली, तिचा खर्च कोण उचलते आणि ती टिकवण्यासाठी काय करावे लागेल? सविस्तर जाणून घेऊया.

नेमका विषय काय?

सोलापूर शहरातून आसरा चौकामार्गे दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगीकडे जाणारा रस्ता म्हणजे होटगी रस्ता. होटगी जंक्शनवरून विजयपूर-गदगकडे जाणारा लोहमार्ग मुंबई-चेन्नई मार्गापासून वेगळा होतो. याच पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत आणि एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्पही. या रस्त्यावरच सोलापूरचे विमानतळ आहे आणि त्याच्या शेजारी, कुमठे येथे श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना.

विमानतळ जुने आहे. किंगफिशरची मुंबई सेवा येथून काही काळ चालली आणि बंद पडली. केंद्राच्या ‘उडान’ योजनेच्या २०१७ मधील पहिल्या फेरीत सोलापूरचे नाव आले, पण विमान आले नाही. मुख्य अडथळा म्हणून बोट दाखवले जात होते ते कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाच्या सुमारे ९० मीटर उंच चिमणीकडे.

चिमणीची अडचण काय होती?

धावपट्टी मोकळी असली म्हणजे विमान उतरवता येते, असे नाही. विमानतळाच्या भोवतालचे आकाशही मोकळे लागते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार धावपट्टीभोवती काही कल्पित पृष्ठभाग आखलेले असतात. मध्यम आणि मोठ्या धावपट्ट्यांभोवती साधारण ४ किलोमीटर त्रिज्येत, जमिनीपासून ४५ मीटर उंचीवर, असे एक कल्पित ‘छत’ धरले जाते. धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडील नियम आणखी कडक असतात. उपकरणांच्या आधारे उतरायचे असेल, तर तेथे सहसा ५० मीटर अंतरामागे १ मीटर इतकाच चढ गृहीत धरतात. म्हणजे टोकापासून एक किलोमीटरवर अडथळ्याची मर्यादा जेमतेम २० मीटरच्या आसपास येते. ९० मीटरची चिमणी या हिशेबात बसणे अवघड होते.

दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. सहवीजनिर्मितीत उसाचे चिपाड बॉयलरमध्ये जाळून वाफ तयार करतात. त्या वाफेवर कारखाना चालतो आणि उरलेल्या विजेची विक्री होते. साखरेचे दर पडले तर वीजविक्रीचा पैसा कारखान्याला हात देतो. धूर वस्तीवर उतरू नये म्हणून अशा बॉयलरची चिमणी उंच ठेवावी लागते. थोडक्यात, प्रदूषणाचा नियम चिमणी उंच मागतो आणि हवाई वाहतुकीचा नियम बुटकी. एकाच रस्त्यावर हे दोन्ही नियम समोरासमोर आले.

दोन्ही बाजूंना सोलापूरकरच

विमानसेवेचा आग्रह धरणाऱ्यांत ‘सोलापूर विकास मंच’ आघाडीवर होता. वेगवेगळ्या व्यवसायांतील नागरिकांनी आपापली कामे सांभाळून चालवलेला हा मंच. निवेदने आणि पाठपुराव्यापाठोपाठ २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मंचाने चक्री उपोषण केले. मांडणी सरळ होती: चादर आणि टॉवेलसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या शहरात नवे उद्योग येत नाहीत, शिकलेली मुले पुण्याची वाट धरतात आणि गुंतवणूकदार आधी विमानाचे विचारतो.

कारखान्याच्या बाजूनेही हजारो ऊस उत्पादक सभासद रस्त्यावर उतरले. त्यांचेही म्हणणे सरळ होते: विमानतळाभोवती इतरही अडथळे असताना एकट्या चिमणीलाच लक्ष्य का? आणि बोरामणी येथे नव्या विमानतळासाठी जमीन घेतलेली असताना चालू कारखान्यावर हातोडा कशासाठी?

हा वाद ‘शहर विरुद्ध गाव’ असा रंगवला गेला. प्रत्यक्षात उसाच्या बिलावर चालणारी घरे आणि पुण्यातल्या नोकरीवर चालणारी घरे एकाच जिल्ह्यातली आहेत. अनेकदा तर ती एकाच कुटुंबातली असतात.

महापालिकेने चिमणी अनधिकृत ठरवली. एप्रिल २०२३ मध्ये ती स्वतःहून काढून घेण्यासाठी कारखान्याला ४५ दिवसांची मुदत दिली. मुदत संपल्यावर १५ जून २०२३ रोजी मोठ्या पोलिस बंदोबस्तात चिमणी पाडण्यात आली.

मग विमान यायला दोन वर्षे का लागली?

चिमणी पडली की दुसऱ्या दिवशी विमान, असा अनेकांचा समज होता. पण अडथळा हटणे ही फक्त पहिली पायरी असते. धावपट्टी, संरक्षक भिंत, अग्निशमन व्यवस्था आणि प्रवासी इमारत यांची कामे, त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची म्हणजे डीजीसीएची तपासणी आणि परवाना, आणि शेवटी मार्ग घ्यायला तयार असलेली कंपनी, असा हा क्रम असतो.

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २९ सप्टेंबर २०२४ रोजी दूरदृश्य प्रणालीद्वारे विमानतळाचे उद्घाटन केले. नूतनीकरणानंतर प्रवासी इमारतीची क्षमता वर्षाला सुमारे ४.१ लाख प्रवाशांची झाली. तरीही प्रत्यक्ष उड्डाणासाठी आणखी आठ महिन्यांहून अधिक काळ गेला. ‘फ्लाय ९१’ची गोवा सेवा ९ जून २०२५ रोजी सुरू झाली आणि ‘स्टार एअर’ची मुंबई सेवा १५ ऑक्टोबर २०२५ रोजी.

तिकिटाचा भार कोण उचलते?

छोट्या शहरांतून विमान चालवणे कंपनीला सुरुवातीला परवडत नाही. तिकिटाचे उत्पन्न आणि खर्च यांतील फरक सरकार भरून देते. याला व्यवहार्यता तफावत निधी म्हणतात. सोलापूर-मुंबई मार्गासाठी राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये प्रति आसन ३,२४० रुपये देण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी १७ कोटी ९७ लाख ५५ हजार २०० रुपयांची तरतूद ठरली.

हा आकडा आला कुठून? विमानात ७६ आसने, जाण्या-येण्याच्या दोन फेऱ्या आणि वर्षाचे ३६५ दिवस. याला ३,२४० ने गुणले की नेमकी हीच रक्कम येते. म्हणजे हिशेब रोज एक फेरी जाण्याची, एक येण्याची, असा वर्षभराचा धरलेला आहे.

खरी कसोटी हे वर्ष संपल्यावर लागेल. अनुदान थांबले आणि आसने रिकामी राहिली, तर कंपनी थांबेलच असे नाही. सोलापूरला किंगफिशरचा अनुभव आहे. शिवाय रेल्वेही स्पर्धेत आहे. १० फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झालेली वंदे भारत मुंबईचे ४५५ किलोमीटर अंतर साधारण साडेसहा तासांत कापते, तेही शहराच्या मधोमध असलेल्या स्थानकापासून. त्यामुळे विमानाची वेळ कामाच्या दिवसाला सोयीची असणे आणि फेऱ्या रद्द न होणे, यावर प्रवासी टिकणे अवलंबून राहील.

बोरामणीचे काय?

हैदराबाद रस्त्यावरील बोरामणी येथे मोठ्या विमानतळासाठी पाचशेहून अधिक हेक्टर जमीन संपादित झाली आहे. सुमारे ३३ हेक्टर वनजमिनीचा प्रश्न आणि जवळचा माळढोक अभयारण्याचा परिसर यांमुळे प्रकल्प रखडला. होटगी रस्त्यावरून सेवा सुरू झाल्याने बोरामणीचा रेटा कमी होईल, अशी भीती जमीन दिलेल्या शेतकऱ्यांना वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्या जमिनीचे पुढे काय, याचे स्पष्ट उत्तर सरकारने द्यायला हवे.

आता रहिवाशांनी कशाकडे लक्ष द्यायचे?

• बांधकामाची उंची: विमानतळाच्या परिसरात उंच बांधकाम, टॉवर किंवा जाहिरात फलक उभारण्यापूर्वी विमानतळ प्राधिकरणाचे उंचीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. सदनिका किंवा प्लॉट घेताना ते मागून पाहावे. चिमणीच्या वेळचा वाद उद्या रहिवासी इमारतीबाबत होऊ नये.

• कचरा आणि पक्षी: विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकण्यास किंवा जनावरे कापण्यास नियमाने बंदी आहे. उघड्या कचऱ्यावर घारी आणि कावळे जमतात आणि त्यांची धडक विमानाला महागात पडते. मजरेवाडी, कुमठे भागातील कचरा वेळेवर उचलला जाणे ही आता केवळ स्वच्छतेची बाब राहिलेली नाही.

• पतंग: उड्डाणमार्गाखाली पतंग उडवणे धोक्याचे आहे. सोसायट्या आणि शाळांनी हे मुलांना सांगायला हवे.

• रोजगार: मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी २०२५ मध्ये सोलापूरसाठी आयटी पार्कची घोषणा केली. जागेच्या चर्चेत होटगीचेही नाव आले. जागा, पाणी, रस्ता आणि प्रत्यक्ष येणाऱ्या कंपन्या, या चारही गोष्टींचा पाठपुरावा घोषणेनंतरच सुरू होतो.

उपोषणाला माणसे जमतात, कारण मागणी एका वाक्यात सांगता येते. आसने किती भरली, किती फेऱ्या रद्द झाल्या, उंचीचे प्रमाणपत्र न घेता कुठे मजले चढले, हे दर महिन्याला विचारत राहणे कंटाळवाणे काम आहे. पण विमानसेवा टिकेल ती याच कामावर. आणि या विचारपुशीत कारखान्याच्या सभासदांनाही बरोबर घेतले, तर ‘विमान की ऊस’ या वादात दुरावलेली माणसे पुन्हा एकत्र बसू शकतील. कारण ज्या चिमणीच्या जागी विमानाची वाट मोकळी झाली, तिची किंमत त्यांनी मोजली आहे.