काडीमोड आणि जादूची कांडी

रात्रीच्या गाडीत खिडकीशी बसलेलं चार-पाच वर्षांचं मूल कधी पाहिलंत? "चांदोमामा माझ्याबरोबर येतोय!" असं ते ओरडतं आणि आपण हसून मान डोलावतो. आपल्याला ती गंमत वाटते. त्याला मात्र ते अगदी खरं वाटत असतं. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी अशाच बालसमजुतींवर १९२६ साली एक ग्रंथ लिहिला. आपण चाललो की चंद्र चालतो, आपण मनात आणलं की ते घडतं, अशी लहान मुलाची समजूत असते. म्हणजे प्रत्येक घरात एक छोटा जादूगार वावरतच असतो म्हणा ना!

पण घर मोडू लागलं की हीच जादू त्याच्यावर उलटते.

समजा, असाच एक पोरगा आहे. आईच्या कुशीत बाबांनी वाटेकरी व्हावं, हे त्याला खपत नाही. एकदा रागाच्या भरात तो म्हणतो, "बाबा नकोच मला!" आणि चार महिन्यांनी बाबा खरोखरच बॅग घेऊन निघून जातात. मोठ्यांना ठाऊक असतं, की ही तेढ कित्येक वर्षांची. पोराला मात्र एवढंच ठाऊक असतं, की आपण म्हणालो आणि तसं झालं! तो कोणाला सांगत नाही. फक्त पुन्हा अंथरूण ओलं करू लागतो, आई दाराआड गेली की रडतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये ज्युडिथ वॉलरस्टीन आणि जोन केली यांनी १९७१ पासून अशा ६० कुटुंबांतल्या १३१ मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. 'हे माझ्यामुळेच झालं' ही बोच त्यांना विशेषतः अगदी लहान मुलांत आढळली. आणि जे आपण मोडलं, ते आपणच जोडूही शकू, अशी आशा त्याच जादूच्या पोटी जन्मते. मी आजारी पडलो, पहिला नंबर काढला, तर दोघं एकत्र येतील! म्हणूनच "शहाण्यासारखा वाग, म्हणजे बाबा येतील," असं आजीनं मायेपोटीसुद्धा म्हणू नये. ते वाक्य त्याच्या हातात पुन्हा कांडी देतं.

मग येतो मत्सर. बाबांच्या नव्या घरी नवी आई येते, कदाचित बाळही. आपल्या ध्रुवाची कथा आठवा. सावत्र भाऊ उत्तम पित्याच्या मांडीवर, आणि पाच वर्षांचा ध्रुव खाली उभा! रडत आलेल्या लेकाला सुनीतीनं 'रडू नकोस' म्हणून गप्प केलं नाही. त्याचं दुःख तिनं खरं मानलं. फक्त दुसऱ्याचं वाईट चिंतू नकोस, एवढं सांगितलं. हेवा वाटणं हा गुन्हा नव्हे. तो मुलाला बोलून दाखवता आला पाहिजे, आणि नुसत्या हेव्यानं कोणाचं वाईट होत नाही, हेही त्याला कळलं पाहिजे.

कायद्यानं मोठ्यांची वाट पुष्कळ सोपी केली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली परस्परसंमतीनं घटस्फोटाची सोय झाली. १९८४ च्या कायद्यानं कुटुंब न्यायालयांना समुपदेशकही दिले. पण मुलाला सांगायचं ते आईबापांनीच सांगायला हवं, आणि शक्यतो दोघांनी मिळून: "हे आम्हां मोठ्यांचं आहे. तुझ्या बोलण्यानं झालं नाही, तुझ्या वागण्यानं बदलणार नाही. तू दोघांचाही आहेस." एकदा सांगून भागत नाही. शंभरदा सांगावं लागतं.

या दिवाळीत असं एखादं मूल पाडव्याला एका घरी आणि भाऊबीजेला दुसऱ्या घरी असेल. परत आल्यावर ते म्हणेल, "तिकडची करंजी मस्त होती!" त्या वेळी आईचा चेहरा उतरू नये. तिनं हसून विचारावं, "हो? सारण कसलं होतं रे?" काडी मोठ्यांनी मोडलेली असते. तिचा भार पोराच्या चिमुकल्या कांडीवर कशाला?