कॅम्परव्हॅनच्या टॉयलेटचा पाईप: झोल काढा, ढाळ द्या

कॅम्परव्हॅनचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. समुद्रकिनारी गाडी, मागचं दार उघडं, हातात कॉफी. त्या गाडीतलं टॉयलेट रिकामं कसं करतात, हे मात्र रीलमध्ये कधी दिसत नाही. आज तेच बघूया, कारण यात मी स्वतः तोंडावर पडलोय.

माझ्या मामेभावानं जुनी ट्रॅव्हलर गाडी कॅम्पर केली आहे. बदलांना आरटीओची मंजुरीही घेतली. गाडीखाली ६० लिटरची मैल्याची टाकी आहे. दिवाळीत आम्ही ठाण्याहून निघालो, तलासरीला हायवे सोडला आणि घोलवडला मामांच्या चिकूच्या वाडीत पोचलो. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण टाकी रिकामी करायची सोय आम्हाला वाटेत कुठे मिळाली नाही. म्हणून मामांच्या संडासाच्या चेंबरमध्ये पाईप सोडायचं ठरलं. तिथून पुढे सेप्टिक टँक.

व्हॉल्व्ह उघडला आणि अर्ध्या मिनिटात गाडीकडचा जॉइंट निसटला. घाण अंगणात. मामी एवढंच म्हणाली, "गाडी तुमची लाखांची असेल रे, पण पाणी आम्ही याच विहिरीचं पितो." विहीर चढावर होती म्हणून वाचलो.

चुकलं काय?

आमचा पाईप ३ इंची, ६ मीटर लांब, घड्या पडणारा मऊ पाईप होता. तो जमिनीवर लोळत होता आणि शेवटी चेंबरच्या तोंडाशी वर चढत होता. म्हणजे मध्ये झोल. झोल असला की पाणी साचतं आणि घट्ट भाग तिथेच बसतो.

आता हिशोब करा. ३ इंच म्हणजे साधारण ७५ मिमी व्यास. असा ६ मीटर पाईप पूर्ण भरला तर त्यात सुमारे २६ लिटर मावतं, म्हणजेच २६ किलो वजन. त्यातला बराचसा भार एका ढिल्या क्लिपवर आला. ती सुटणारच.

नवीन सेटअप

१. पाईप: तलासरीत शेतीपंपाच्या दुकानातून ३ इंची सक्शन पाईप घेतला, आतून गुळगुळीत असलेला. तो कडक असतो, त्यामुळे कमी झोल खातो. लांबी ६ ऐवजी ४ मीटर ठेवली आणि गाडी चेंबरच्या जवळ लावली. पाईप जितका लांब, तितका त्रास जास्त.

२. जॉइंट: साध्या क्लिपऐवजी टँकरवाले वापरतात ती कॅमलॉक कपलिंग. दोन्ही बाजूचे खटके दाबले की घट्ट बसते, ओढली तरी निघत नाही.

३. पारदर्शक तुकडा: गाडीकडच्या टोकाला वीतभर पारदर्शक पाईप. पाणी स्वच्छ यायला लागलं की दिसतं. अंदाजावर काम नाही.

४. चेंबरकडचं टोक: पाईप नुसता आत सोडायचा नाही. ११० मिमी पीव्हीसी पाईपचा तुकडा रबर रिंगसह बसवला आणि त्यावर रिड्युसर लावून कपलिंगचा दुसरा भाग. काम झालं की वर झाकण.

५. टेकू: दर अर्ध्या मीटरला विटा, गाडीकडे उंच आणि चेंबरकडे कमी होत जाणाऱ्या.

ढाळ मोजायला तुमचा फोन

पाईपला किमान २ टक्के ढाळ हवा. म्हणजे ४ मीटरला ८ सेंटिमीटर उतार. कोनात सांगायचं तर सव्वा अंशाच्या आत.

फोनमधला अ‍ॅक्सेलरोमीटर हा सेन्सर गुरुत्वाकर्षण कुठल्या दिशेला आहे ते ओळखतो. स्क्रीन आडवी-उभी फिरते ती त्याच्यामुळेच. लेव्हल अ‍ॅप तोच आकडा अंशात दाखवतं. पाईपवर सरळ लाकडी पट्टी ठेवा आणि तिच्यावर फोन लांब कडेवर उभा करा. पाठीवर ठेवलात तर कॅमेऱ्याच्या उंचवट्यानं माप चुकेल. मग त्याच जागी फोन उलट दिशेनं फिरवून पुन्हा मोजा. दोन आकड्यांत फरक आला तर त्यांची सरासरी घ्या. थोडीफार चूक राहतेच, म्हणून मी २ अंश धरतो. आणि हो, फोन आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला!

रिकामं करताना

- टाकी दोन तृतीयांश भरेपर्यंत व्हॉल्व्ह बंदच ठेवा. सतत उघडा ठेवलात तर पाणी निघून जातं आणि घट्ट थर टाकीत सुकतो.
- आधी मैल्याची टाकी, नंतर बेसिनच्या सांडपाण्याची. दुसऱ्या पाण्यानं पाईप आपोआप धुतला जातो.
- धुण्याचा पाईप आणि पिण्याच्या पाण्याचा पाईप कायम वेगळे. हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा.
- फॉर्मल्डिहाइड असलेलं टॉयलेट केमिकल, ब्लीच किंवा फिनाईल टाकीत ओतू नका. सेप्टिक टँकमध्ये मैला कुजवणारे जिवाणू त्यानं मरतात.

आधी हे बघा, मग व्हॉल्व्ह उघडा

घरमालकाची परवानगी घ्या. सेप्टिक टँकचं पाणी शोषखड्ड्यात जातं, आणि तो पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा असा भारतीय मानकांचा दंडक आहे. पावलं टाकून मोजा. टँक तुंबलेला असेल तर तुमचे ६० लिटर तिथे ओतू नका.

आणि टँकमध्ये कुणालाही उतरवू नका. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त झाला की वास येणंच बंद होतं, आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टँक साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. अशा वेळी उपसा करणारा टँकरच बोलवा.

पुढच्या खेपेला आम्ही पाईप जोडला तेव्हा मामी पायरीवर उभी राहून बघत होती. पारदर्शक तुकड्यात स्वच्छ पाणी दिसल्यावर मी व्हॉल्व्ह बंद केला. अंगण कोरडं होतं. मामी आत गेली आणि विहिरीच्याच पाण्याचा चहा घेऊन आली.