सरहद्दीवरील गढी

सोंगट्यांचा किंवा बुद्धिबळाचा पट डोळ्यांपुढें मांडलेला असतो. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळांत मात्र पट बोलण्यांतून उभा राहतो. एक जण सूत्रधार होऊन समोर काय आहे तें सांगतो; बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशा भूमिका घेऊन आपण काय करणार तें बोलतात, आणि निकाल संशयित असेल तेथें फांसे टाकले जातात. परंतु सूत्रधारानें दर खेपेस नवें कथानक आणावें कोठून? या अडचणींत छापील साहसकथांचा फार उपयोग झाला. नकाशे, दालनांचीं वर्णनें आणि कोठें कोण दडलें आहे याचा तपशील त्यांत असतो. त्या सूत्रधारानेंच वाचावयाच्या.

यावर एक आक्षेप सहज सुचतो. सर्व आधींच छापलेलें असेल, तर खेळणाराच्या स्वातंत्र्याचें काय? आक्षेप खोटा नाहीं. बऱ्याच साहसकथा खेळाडूंस हातास धरून ठरलेल्या शेवटाकडे नेतात. चांगल्या कथा तसें करीत नाहींत, आणि याचा उत्तम दाखला म्हणजे गायगॅक्सचीच ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’. १९८१ सालीं नवशिक्यांसाठीं निघालेल्या पेटींत ही पुस्तिका होती, म्हणून असंख्य मुलांचें पहिलें साहस हेंच ठरलें.

सुधारलेल्या मुलखाच्या कडेला एक गढी. जवळच एका दरींत निरनिराळ्या राक्षसटोळ्यांच्या गुहा. कथानक म्हणून एवढेंच. प्रथम कोणत्या गुहेंत शिरावें, कोणाशीं सलोखा करावा, हें खेळाडूंनीं ठरवावयाचें. टोळ्यांचें आपसांत वैर आहे. तें ओळखून एकीस दुसरीवर घालणारा शहाणा ठरतो. गढींतील माणसांना लेखकानें नांवेंहि दिलेलीं नाहींत, केवळ हुद्दे दिले आहेत. कोणास हा आळस वाटेल. पण नांव ठेवतां ठेवतां सूत्रधार त्या माणसाचा स्वभावहि रचूं लागतो.

खेळाडूंना आरंभीं कांहीं अफवा कानीं पडतात. त्या वीस असून कांहीं खऱ्या, कांहीं खोट्या. ‘ब्री-यार्क’ या गॉब्लिनांच्या शब्दाचा अर्थ ‘आम्ही शरण आलों’ असा आहे, ही त्यांतलीच एक. ती साफ खोटी! तो शब्द मदतीची हांक आहे. ती ऐकून शस्त्र खालीं ठेवणाऱ्या भोळ्या वीरावर शेजारचा धिप्पाड ऑगर चालून येतो. गॉब्लिनांनीं त्याला मोहरांची थैली देऊन राखलेलें असतें.

याच गायगॅक्सची ‘टूम ऑफ हॉरर्स’ (१९७८) अगदीं निराळ्या स्वभावाची. हें थडगें १९७५ सालच्या एका खेळसंमेलनासाठीं रचलेलें. भिंतीवर हिरव्या सैतानाचें तोंड वासलेलें आहे. त्यांत उडी घेणाराचा पत्ताच लागत नाहीं. तेथें तलवारीपेक्षां सावधपण अधिक उपयोगी. तरीहि तिच्यांत क्रूरपणा अधिक आणि कथा कमी, असें म्हणणें भाग आहे.

कथेची उणीव ट्रेसी व लॉरा हिकमन या दांपत्यानें १९८३ सालच्या ‘रेव्हनलॉफ्ट’मध्यें भरून काढली. तिचा खलनायक स्ट्राड गुहेंत बसून मरणाची वाट पाहणारा राक्षस नव्हे. धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूवर जीव जडल्यामुळें भावाचा खून करून बसलेला तो सरदार आहे. त्याला काय हवें आहे, आणि त्याला मारण्याचीं साधनें वाड्यांत कोठें आहेत, हें पत्त्यांच्या भविष्यावरून ठरतें. म्हणून तीच कथा दुसऱ्यांदां खेळली तरी ती वेगळी होते.

तरी मन परत गढीकडेच वळतें. तिच्या गुहांमध्यें लढवय्यांबरोबर बायका आणि पोरें नोंदलेलीं आहेत. कोबोल्डांचीं पोरें तर हल्लाहि करीत नाहींत. टोळीचे पुरुष पडल्यावर त्यांचें काय करावें? पुस्तिका उत्तर देत नाहीं. कित्येक मेजांवर खेळ येथें थांबतो, फांसे हातांतच राहतात, आणि घटकाभरापूर्वीं लुटीचे हिशेब करणारे खेळाडू एकमेकांशीं वाद घालूं लागतात.